आक्कांच्या फ्रेममधली हजेरी

रवीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी आक्कांसाठी मुगाच्या डाळीची पातळ खिचडी डब्यात भरत होते. पित्ताशयातले खडे काढल्याला तिसरा दिवस होता. डॉक्टरांनी पातळ खायला परवानगी दिली होती आणि आक्कांनी मला बजावलं होतं की जिरं जरा जास्त घाल, दवाखान्यातल्या जेवणाला चव नसते. रवी, आक्कांचा एकुलता एक मुलगा, ऑपरेशनसाठी येऊन दवाखान्यात त्यांच्यापाशी थांबला होता; एरवी तो बोलायला लागला की थांबत नाही, पण त्या दिवशी फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मी दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग तो म्हणाला, "काकू, आई गेली." सकाळी अर्धा कप चहा घेतला, कूस बदलली आणि गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणाची चूक नाही, कुणाला बोल लावायची सोय नाही... मी डब्याचं झाकण लावलं आणि ते घट्ट बसलं की नाही हे दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. माणूस अशा वेळी काय करतं याचा त्याला स्वतःलाच पत्ता नसतो.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. वांकिडीकडच्या एका खेड्यातून, कापूस आणि ज्वारीच्या घरातून, त्या आदिलाबादच्या या घरात आल्या, त्यानंतर नऊ वर्षांनी मी आले. मी डी.एड. झालेली, शाळेत नोकरी लागलेली. त्या सातवी शिकलेल्या. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की या घरात माझ्या शिक्षणाचा उपयोग फक्त वाणसामानाची यादी लिहायला आहे आणि ती यादीही आक्का तोंडी सांगणार. मी मनातून चिडले होते. पुढे शाळेतून दमून आले की माझ्या वाट्याच्या भाकरी आधीच झालेल्या असायच्या आणि त्याबद्दल एक शब्द बोललेला त्यांना चालायचा नाही. आधी दादा, म्हणजे आक्कांचे मिस्टर, गेले. मग सहा वर्षांनी आमचे हे गेले. मला मूलबाळ नाही, रवी नोकरीमुळे हैदराबादला. उरलो आम्ही दोघी. घरात बायका दोन आणि खोल्या पाच, त्यातल्या तीन नुसत्या झाडायच्या.

डिजिटल फोटो फ्रेमची कल्पना रवीची. आईला नातीचे फोटो पाहायचे असतात आणि मोबाइलवर तिला ते बारीक दिसतात, म्हणून. त्याला नेटवर चालणारी फ्रेम घ्यायची होती, म्हणजे तो तिकडून फोटो टाकील आणि इकडे आपोआप दिसेल. आक्कांना हे पटलं नाही. "नेट गेलं त मानसंबी जाईन का मंग?" असं त्यांनी विचारलं आणि इंजिनियर मुलाने नेटचा नाद सोडला. शेवटी आम्ही तिघं बाजारात गेलो. दुकानदार हिंदीत एकेका फ्रेमचे गुण सांगत होता आणि आक्का साडी निवडावी तशा फ्रेमी बाजूला सारत होत्या. पहिलीची काच इतकी चकचकीत, की फोटोपेक्षा दुकानातली ट्यूबलाइटच जास्त दिसायची. दुसरी लांबट होती, तिच्यात उभ्या फोटोतल्या माणसांची डोकी कापली जात. तिसरीत घड्याळ, गाणी, हवामान, सगळंच होतं. "हवामान मले खिडकीतून दिसते," म्हणून तीही गेली. मग एक साध्या लाकडी काठाची, मॅट काचेची निघाली. आक्कांनी ती काउंटरवर ठेवायला लावली, मला डावीकडे उभं केलं, रवीला उजवीकडे, स्वतः दारापर्यंत मागे गेल्या आणि तिकडून ओरडून विचारलं, "सुमन, दिसून राह्यलं का तुले बाजूनं?" दुकानातली गिऱ्हाइकं आमच्याकडे पाहत होती. अजूनही कुणी मला विचारलं तर मी हेच सांगते, की फ्रेमचे गुण ऐकू नका, ती समोर ठेवून चारी बाजूंनी पाहून घ्या, आणि घरी आणल्यावर खिडकीसमोर ठेवू नका.

बैठकीच्या खोलीत दिवाणासमोरच्या फळीवर ती बसली. रवीने तिच्या पोटात तीनशेच्या वर फोटो भरले. दर दहा सेकंदांनी एक. पहिला दिवस मजेत गेला, पण संध्याकाळी आक्का थकून बसल्या. मला आधी कारण कळेना. मग लक्षात आलं, की रवीने जुने फोटोही स्कॅन करून घातले होते. नातीचा वाढदिवस, त्याच्यामागून एकदम मामंजी, म्हणजे आमचे सासरे, हातात काठी घेऊन. ते निजामाच्या काळापासून महसुलात गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे अंमलदार, होते आणि घरातही त्यांचा दरारा तसाच होता. ते दिसले की आक्का पदर डोक्यावर घ्यायच्या. पुढचा फोटो आला की पदर खाली. मग पुन्हा सासूबाई, पुन्हा पदर वर. मी हसून हसून बेजार झाले. आक्का हसल्या नाहीत. त्यात दादा आले, त्यांच्या मागोमाग रवी... आक्का उठल्या आणि त्यांनी फ्रेमवर टॉवेल टाकला. "जित्या मानसाच्या मांगून मेलेलं मानूस येते, अन् त्याच्या मांगून पुना जितं. हे काई बरं नाई."

आमच्याकडे गेलेल्या माणसांची जागा ठरलेली असते. बैठकीतल्या एका भिंतीवर त्यांची रांग, प्रत्येकाला हार, सणाला कुंकवाचं बोट. त्या रांगेत जिवंत माणसाचा फोटो कुणी चुकूनही लावत नाही, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं तर सोडाच, वरून फुलाची पाकळी पडली तरी बायका ती पटकन उचलतात. त्या फ्रेमने हे सगळं एका फळीवर कालवून टाकलं होतं. मग आक्कांनी नियम केला. फ्रेममध्ये फक्त हयात माणसं. गेलेलं माणूस ज्या फोटोत असेल तो फोटो अख्खा उतरवायचा, मग शेजारी कुणीही उभं असो. रवीने त्यांना रिमोटवरचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की फोटो फ्रेमच्या पोटातून निघून बाजूला खोचलेल्या छोट्या कार्डात जायचा. चुकू नये म्हणून त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. उतरवलेल्यांचं ते कार्ड आक्का काम झालं की काढून घ्यायच्या आणि एका पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवायच्या. पाकिटावर त्यांनी लिहिलं होतं, 'खारीज'. मामंजी दप्तरातून आले की सांगायचे, अमक्याचं नाव खारीज झालं, म्हणजे सरकारी कागदावरून उतरलं. तेवढा एक शब्द आक्कांनी सासऱ्यांकडून उचलला होता.

यानंतर मात्र त्या फ्रेमचं सुख आम्ही दोघींनी मनसोक्त घेतलं. आक्का फोटोंशी बोलायच्या. स्वयंपाकघरातून हात पुसत यायच्या, समोर जो असेल त्याला म्हणायच्या, "आला का बाबू? जेवला का?" आणि उत्तराची वाट न पाहता आत जायच्या. गावाकडून कुणी ना कुणी यायचंच. कुणाला दवाखाना, कुणाला बँक, कुणाला कापसाचा बाजार. आलेला माणूस दिवाणावर बसायचा आणि स्वतःचा फोटो येईपर्यंत उठायचा नाही. कशी कोण जाणे, पण ही रीतच पडली. पन्नास मिनिटांत एक फेरी पुरी व्हायची. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, बस निघून जायची, तरी माणूस हलत नसे. स्वतःचं तोंड दिसलं की "चला, निगतो आता" म्हणून उठायचा. मी आक्कांना चिडवायचे की तुम्ही घरी प्रवाशांची शेड उघडली आहे.

मग बापूमामांचं झालं. बापूमामा आक्कांचे धाकटे भाऊ, शेतकरी, सत्तरीतही सायकल चालवणारे. ते बसले, अख्खी फेरी झाली, ते आले नाहीत. "माहा फोटो कुटं गेला वं?" ते हसत म्हणाले. दुसरी फेरीही बसून पाहिली. नव्हतेच. जाताना चपला घालता घालता पुन्हा एकदा मागे वळून त्यांनी फ्रेमकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं. पंधरा दिवसांनी निरोप आला. शेतात बसल्या बसल्या गेले. आक्कांनी कार्ड काढून लावलं तर बापूमामा त्यात होतेच. ते येऊन गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा फोटो उतरवताना ठिपक्याचं बटण एकदा जास्त दाबलं गेलं होतं. मी परोपरीनं सांगितलं, की आक्का, बटणानं कुणी मरत नाही, वय झालं होतं, उन्हाचे दिवस होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "माह्या हातानं झालं." त्यानंतर दर गुरुवारी दुपारी त्या फ्रेमपुढे बसून प्रत्येक माणूस आहे ना, हे बघायच्या. नात्यात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. लोक फोन करून आधी खुशाली विचारायचे आणि फोन ठेवता ठेवता, सहज म्हणून, "माहा हाय न फोटो?" मी शिक्षिका, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण खरं सांगायचं तर त्यानंतर त्या खोलीतून जाता-येता मीही स्वतःला शोधायचे आणि दिसले की बरं वाटायचं.

आक्कांचं पोट वर्षभर दुखत होतं. डॉक्टर म्हणाले खडे आहेत, काढून टाका. आक्का म्हणाल्या, मला जायचं नाही. मी पिच्छाच पुरवला. चार दिवसांचं काम आहे, आजकाल कुणीही करून घेतं, किती दिवस असं ओव्याचं पाणी पीत बसणार? माझी जीभ तशी धारदार, शाळेत मुलं घाबरायची. शेवटी एकदा मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर निस्तरायचं मलाच आहे ना? मग माझं ऐका." त्यांनी ओव्याच्या पाण्याचा पेला संपवला. मग म्हणाल्या, "बरं. जातो मी. पन तू म्हनते म्हनून." हे वाक्य मी तेव्हा विजयासारखं ऐकलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी त्या बैठकीत फ्रेमपुढे बसल्या होत्या. गुरुवार नव्हता, तरी. मी डोकावून विचारलं, काय चाललंय? "काई नाई, जराशी पायतो," म्हणाल्या. मी त्यांची पिशवी भरायला आत गेले. दुसऱ्या दिवशी रिक्षात त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्या गेल्या त्या दिवशी फोटो लागला. रांगेत लावायला, पुढ्यात दिवा ठेवायला. रवी म्हणाला, फ्रेममध्ये पुष्कळ आहेत, त्यातला चांगला घेतो. तो दिवाणावर बसला आणि एकेक फोटो पुढे सरकवत राहिला. शेवटापर्यंत गेला. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, इतक्या लवकर उतरवले तुम्ही?" मी हातही लावला नव्हता. विद्याने, त्याच्या बायकोने, नाही. फ्रेमला हात लावणारं चौथं कुणी नव्हतं. त्या सगळ्या फोटोंत आक्का एकाही ठिकाणी नव्हत्या. गुरुवार नसताना त्या फ्रेमपुढे बसल्या होत्या, ती दुपार मी रवीला सांगितली. ज्या ऑपरेशनला डॉक्टर किरकोळ म्हणत होते, ज्यातून चौथ्या दिवशी घरी येऊन त्या लोणचं घालणार होत्या, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला उतरवून ठेवलं होतं.

आक्कांच्या कपाटातलं ते कार्ड काढायला त्या दिवशी कुणाचा हात धजला नाही. मग विद्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला, नातीच्या अक्षराभ्यासाला, पहिलं अक्षर गिरवायला, आम्ही बासरच्या सरस्वतीला गेलो होतो तेव्हाचा. त्यात आम्ही दोघी होतो. स्टुडिओवाल्याने मला कापून आक्कांना मोकळं केलं, पण त्यांच्या खांद्यावर माझा हात होता, त्याची चार बोटं आणि घड्याळाचा पट्टा राहून गेला. त्याने विचारलं, "मॅडम, ये हाथ निकाल दूँ? थोडा टाइम लगेगा." बाहेर माणसं ताटकळली होती. मी म्हटलं, राहू दे. आता त्या भिंतीवर, मामंजी, सासूबाई, दादा, आमचे हे आणि त्यांच्या पुढे आक्का. आक्कांच्या खांद्यावर माझी बोटं. तेराव्याला आमच्या गंगूआत्या, मामंजींच्या सर्वात धाकट्या बहीण, गुडीहत्नूरहून आल्या होत्या. त्यांनी हार जरा डावीकडे ओढला आणि ती बोटं झाकली. संध्याकाळी वारा आला आणि हार पुन्हा होता तिथे सरकला.

पाहुणे पांगले. रवी-विद्याही गेले. मी एकटी राहिले आणि एकटेपणाची मला भीती वाटत नव्हती, मला वाटत होतं ते फक्त हे की आक्का माझ्या सांगण्यावरून गेल्या. जातो मी, पन तू म्हनते म्हनून. कूकर लावताना, पेपर वाचताना, केस विंचरताना ते वाक्य कानात यायचं. फ्रेम मी बंद केली नाही. ती सुरू असली की घरात कुणीतरी ये-जा करतंय असं वाटायचं. अशात दहाएक दिवसांनी गंगूआत्या बँकेच्या कामाला आल्या. नव्वदीला टेकल्या आहेत, पण अजून चष्म्याशिवाय तांदूळ निवडतात. चहा घेतला आणि रीतीप्रमाणे फ्रेमसमोर बसल्या. त्यांचा फोटो लवकर आला. तरी त्या उठेनात. अख्खी फेरी झाली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "सुमन, तू काऊन नाई आली यात?"

मी म्हटलं, तुमची नजर चुकली असेल. त्या "हो, तसंच असन" म्हणाल्या आणि जाताना माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. त्या वयाच्या बाईने साठी उलटलेल्या बाईची दृष्ट काढावी, हे मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी बसले. पस्तीस वर्षं मी वर्गात हजेरी घेतली आहे. माझ्या हातून नाव सुटत नाही. वही घेऊन एकेक माणूस लिहीत गेले. रवी, विद्या, नात, बापूमामांची सून, आत्या, शेजारच्या तेलुगू वहिनी, त्यांचा कुत्रासुद्धा. मी नाही. दुसरी फेरी. नाही. माझी गेल्या उन्हाळ्यातली हिरवी साडी नाही, निवृत्तीच्या दिवसाचा हार घातलेला फोटो नाही. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि मी वहीतली नावं पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. आता मला बापूमामा कळले. चपला घालताना मागे वळून पाहिलं होतं ते का, हे कळलं. पण खरं सांगते, मरणाची भीती फार वेळ टिकली नाही. तिच्या मागून दुसरी भीती आली आणि ती जास्त वाईट होती. त्या दुपारी फ्रेमपुढे बसून आक्कांनी स्वतःला उतरवलं आणि जाता जाता मलाही उतरवलं. रागाने. मी त्यांना जबरदस्तीने पाठवत होते, म्हणून. चाळीस वर्षांत जे कधी बोलून दाखवलं नाही ते त्यांनी त्या लाल ठिपक्याच्या बटणाने सांगितलं होतं. त्यांच्या लेखी मी खारीज झाले होते...

आक्कांचं कपाट मी तोवर उघडलं नव्हतं. रवी महिन्याच्या श्राद्धाला आला की दोघं मिळून उघडू असं ठरलं होतं. त्या दिवशी मी थांबू शकले नाही. साड्यांच्या खाली पाकीट होतं, कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचं, त्यावर आक्कांचं थोराड अक्षर. कार्ड काढून फ्रेमला लावलं आणि दिवाणावर बसले. पहिल्यांदा मामंजी आले, काठी घेऊन. माझा हात आपोआप पदराकडे गेला. मग सासूबाई. मग दादा, किती तरी दादा, तरुण, पोक्त, आजारी. मग आमचे हे. आमचे लग्नातले फोटो, त्यात मी होते, पण तो नियमच होता, त्यांच्याबरोबर मीही उतरणारच. मग बापूमामा सायकलवर. ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने ती समोरून जात होती, दहा-दहा सेकंद थांबून, आणि खोलीत मी एकटीच हयात होते. पुढचं कोण हे मला ठाऊक होतं. आक्का आल्या. आणि त्यांच्या शेजारी मी होते.

पुढचा फोटो. आक्का आणि मी, पापड वाळत घालताना. पुढचा. माझ्या निवृत्तीचा दिवस, माझ्या गळ्यात हार, आणि शाळेच्या पायरीवर माझी पर्स धरून आक्का. हिरवी साडी, रवीच्या घरचा गृहप्रवेश, मी आणि आक्का. हॉस्पिटलच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, अंगणात, गच्चीवर. एकटी मी कुठेही नव्हते. मी वहीत खुणा करत होते, पुढे पुढे खुणा करायचं सोडून दिलं. चाळीस वर्षांत या घरात कुणी कॅमेरा काढला, की आम्ही दोघी उभ्या राहायचो. मला एकटीला कुणी उभं केलं नाही आणि माझ्याही ते कधी लक्षात आलं नाही. आक्कांनी मला काढलं नव्हतं. त्यांनी स्वतःला काढलं आणि मी त्यांच्याबरोबर निघाले, कारण माझे वेगळे फोटो नव्हतेच.

खूप रडले. तेराव्यापर्यंत जे आलं नव्हतं ते सगळं त्या दुपारी आलं. तरी मनात एक कुसळ राहिलंच होतं. बटण दाबताना त्यांना दिसलं असेल ना, की सुमन जातेय? दिसलं आणि तरी दाबत गेल्या? कार्ड परत ठेवायला पाकीट उघडलं तेव्हा तळाशी अडकलेली चिठ्ठी हाताला लागली. औषधाच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं: 'सुमनचा एकटीचा एकबी नाई. रवीले सांगून काढून घेने. निळ्या साडीत.'

मी ती चिठ्ठी कितीदा वाचली ते सांगत नाही. राग नव्हता. त्यांना दिसलं होतं. त्या दुपारी एकेक फोटो उतरवताना त्या थांबल्या असतील, माझा एखादा तरी वेगळा फोटो आहे का म्हणून शोधला असेल, मग उठून पेन्सिल आणली असेल. मी आत त्यांची पिशवी भरत होते तेव्हा त्या मला हयात माणसांत ठेवायची सोय करत होत्या. आपण परत येणार नाही हे त्यांना कसं कळलं, आणि कळलं होतं तर माझ्या म्हणण्यावरून गेल्या का, हे मात्र त्या चिठ्ठीत नव्हतं. ते आता मला कुणी सांगू शकणार नाही, आणि त्याचं ओझं माझ्यावर आहे ते आहे. पण त्या माझ्यावर रुसून गेल्या नाहीत, एवढ्यावर मी जेवू लागले आहे.

महिन्याच्या श्राद्धाला रवी-विद्या आले. मी चिठ्ठी रवीच्या हातात दिली. त्याने वाचली, खिशातल्या रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाला, "काकू, साडी नेसून या." निळी साडी मला स्वतःला फारशी आवडत नाही, ती आक्कांनी घेतलेली. अंगणात तुळशीजवळ उभी राहिले. विद्याने मोबाइल धरला. "काकू, मध्ये या ना," ती म्हणाली. मी सरकले. "अजून थोड्या मध्ये." पुन्हा सरकले. तिने पाच-सहा फोटो काढले आणि आम्ही ते पाहिले, तर सगळ्यांत मी डाव्या कडेला. उजवीकडे एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली. आणि माझा डावा हात खांद्याच्या उंचीला जरासा उचललेला, बोटं किंचित वाकलेली. हात मी उचलला होता हे मला खरोखर आठवत नाही. विद्या म्हणाली, परत काढू या. दुसऱ्यांदा काढले, तेही तसेच आले. रवी म्हणाला, "राहू दे, हाच टाकतो." त्याने तो फ्रेममध्ये घातला.

परवा गंगूआत्या आल्या होत्या. घरात पाऊल ठेवताच माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मग दिवाणावर बसल्या. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. रवी आला, विद्या आली, आत्या स्वतः आल्या, तरी त्या बसून होत्या. कोणाची वाट पाहता, असं मी विचारलं नाही. मग मी आले. निळी साडी, तुळस, मधलं मोकळं अंगण. आत्यांनी मान पुढे करून तो फोटो पुरता पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं झालं वं," त्या म्हणाल्या. "दोगीबी चांगल्या आल्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्रेमकडे. दहा सेकंद पुरे व्हायचे होते.

"हो आत्या," मी म्हटलं.